क्रोमरच्या खेकड्याच्या पोटातलं

क्रोमरला जायचं मी ठरवलं नव्हतं. ठरवलं आमच्या जपानी शेजारणीनं, तोमोएनं. एप्रिलमधल्या एका सकाळी ती गुलाबांची छाटणी करत होती. हातातली कात्री खाली न ठेवता कुंपणापलीकडून म्हणाली, "शैला-सान, मला समुद्रावर जाऊन खेकडा खायचा आहे. तुम्ही गाडी चालवाल?"

लंडनच्या एजवेअरमध्ये आमच्या दोन घरांची मधली भिंत बारा वर्षं एकच आहे. या बारा वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी हो म्हणाले आणि मग कारण विचारलं. (आमचं बोलणं इंग्रजीत होतं. पण ती मराठी असती तर मला तुम्हीच म्हणाली असती, आणि मी तिला तू. तेव्हा इथे तसंच लिहिते.)

कारण असं. गेल्या वर्षी तोमोएच्या स्तनाच्या कर्करोगावर ऑपरेशन झालं, पाठोपाठ ती जालीम औषधं. आजार गेला, केस परत आले, पण तोंडाची चव आली नाही. "कागद चावल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. येईल हळूहळू, असं हॉस्पिटलनं सांगितलं होतं. त्याला आठ महिने झाले. कुणाचीही चव गेली तर वाईटच, पण ही बाई आमच्या रस्त्यावरची सर्वांत सुगरण. पूर्वी दर शनिवारी तिच्याकडून काही ना काही झाकलेल्या डब्यातून यायचं. आता ती पुस्तक उघडून, वजनकाट्यावर प्रत्येक जिन्नस मोजून रांधते, आणि स्वतः चार घास गिळून उठते.

"आमचं गाव खेकड्यांचंच," ती म्हणाली. "मला दात नव्हते तेव्हापासून मी खेकडा खाते. तो एकदा खाऊन बघते. त्याचीही चव लागली नाही, तर मी वाट बघणं थांबवेन." दूधवाल्याला उद्यापासून बाटली ठेवू नकोस म्हणून सांगावं, तशा स्वरात.

आता माझ्याविषयी दोन वाक्यं, कारण पुढे जे घडलं त्याला तीच कारण आहेत. माहेर पुण्याचं, कट्टर शाकाहारी. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आणि नोकरी इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं. कोण काय खाऊन आजारी पडलं ते शोधायचं, हे माझं काम. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासे मी लग्नानंतर शिकले, आणि धुऊन धुऊन शिकले. सासूबाई मोरीच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "गो शैला, कुर्ली धुतंस की कापडां?" मी ऐकलं नाही. मी कुणाचं फारसं ऐकत नाही.

क्रोमर हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफक परगण्यातलं गाव. मे महिन्यातला मंगळवार धरला. शनिवार-रविवारी जाऊ नका, अर्धं नॉरफक तिथे लोटलेलं असतं आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. एजवेअरहून एम वन, मग एम पंचवीस, एम अकरा, केंब्रिजच्या खालून ए अकरा, आणि नॉरिच ओलांडल्यावर ए एकशेचाळीस. नकाशावर तीन तास दिसतात. नॉरिचच्या पुढे रस्ता एकपदरी होतो आणि तिथे तुम्ही एखाद्या कॅराव्हॅनच्या मागे अडकता, त्यामुळे चार धरा. सर्व्हिस स्टेशनवरची सँडविचेस महाग आणि ओली असतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. तोमोएनं एक दशमी पूर्ण खाल्ली. "मऊ आहे," म्हणाली. ती आता पदार्थांविषयी एवढंच सांगायची. मऊ, कडक, गरम, गार.

नॉरिच सोडल्यावर जमीन इतकी सपाट होते की आभाळ जमिनीला टेकून ठेवल्यासारखं वाटतं. मग अचानक रस्ता थोडा चढतो, गारगोट्यांनी बांधलेली घरं लागतात, घरांच्या मधून चर्चचा एक प्रचंड मनोरा वर आलेला दिसतो, आणि त्याच्या मागे समुद्र. मी इंग्लंडचे बरेच समुद्रकिनारे पाहिले आहेत आणि त्यांतले निम्मे मला फुकट वेळ वाटले. हा नाही. मातीचे तांबूस कडे सरळ वाळूत कोसळलेले, लाकडी धक्का लांबवर पाण्यात गेलेला, आणि पाणी निळं नाही, चहाच्या रंगाचं. इथे बंदर नाही. खेकड्यांच्या होड्या ट्रॅक्टरला बांधून वाळूवरून थेट लाटांत ढकलतात आणि तशाच ओढून बाहेर काढतात. ट्रॅक्टर मानेपर्यंत पाण्यात जातो. मी गाडी लावून दहा मिनिटं तेच बघत उभी राहिले.

आम्ही गावाबाहेर दोन खोल्यांचं कॉटेज घेतलं होतं, दोन रात्रींचे एकशेदहा पौंड, भांडीकुंडी आणि चांगला गॅस. हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर हवंच. त्याच गल्लीच्या टोकाला एका घराच्या अंगणात शेड होती आणि दारावर खडूनं फक्त "खेकडे" एवढंच लिहिलेलं. आत पॅम. साठीची बाई, रबरी बूट, दंडापर्यंत लाल झालेले हात. तिचा नवरा डेरेक होडीवर जातो आणि ती आणलेलं उकळून विकते.

उकळलेले दोन मोठे खेकडे घेतले, तीन-तीन पौंडांना. त्यांची पाठ विटकरी रंगाची, आणि कडेला कानोल्याला मुरड घालावी तशी नक्षी. नांग्यांची टोकं काळी कुळकुळीत.

"उघडून, साफ करून देऊ का, लव्ह?" पॅमनं विचारलं.

"नको. मी करते," मी म्हणाले.

"मग आतली करडी बोटं तेवढी काढून टाक. मेलेल्या माणसाची बोटं म्हणतो आम्ही त्यांना. बाकी सगळं खायचं."

ती करडी बोटं म्हणजे खेकड्याचे कल्ले. ते मला माहीत होतं. "बाकी सगळं" हे मात्र मी माझ्या पद्धतीनं ऐकलं.

प्रवासानं तोमोए दमली होती. ती आडवी झाली आणि मी बाह्या वर केल्या. म्हटलं, उठेल तेव्हा सगळं तयार असावं. पाठी उचकटल्या. आत हे एवढं मोहरीच्या चटणीसारखं, काही हिरवट, काही करडं, पातळ. मी दोन्ही खेकडे नळाखाली धरले आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. पाठींच्या वाट्या भांडी घासायच्या ब्रशनं आतून घासल्या. नांग्या फोडून पांढरं मांस काढलं, बशीत रचलं, बाजूला लिंबाच्या फोडी. मला त्या बशीचा अभिमान वाटला, हे लिहून टाकते.

तोमोए उठून टेबलाशी आली. तिनं बशीकडे पाहिलं. मग खेकड्याची रिकामी पाठ उचलली, उजेडाकडे तिरकी धरून आत बघितलं आणि अलगद खाली ठेवली.

"शैला-सान, किती स्वच्छ," ती म्हणाली.

मांस तिनं सगळं खाल्लं. मी विचारलं, "काही?"

"गार आहे. धागे सुटतात."

मी उठले. बशा उचलल्या. परत आले तर ती सिंकजवळ उभी होती. नळाखालच्या जाळीत थोडंसं तपकिरी अडकून राहिलं होतं, त्याकडे बघत. तिचं एक बोट पुढे गेलं आणि मला पाहून मागे आलं.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. "काही नाही" एवढं लिहिलेल्या रिपोर्टवर मी कधी सही केली नाही. मी खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. "तोमोए, सांग."

तिनं सांगितलं. जपानमध्ये खेकड्याचं पांढरं मांस सगळेच खातात. पण ज्याच्यासाठी माणसं बर्फातून गाडी करून तिच्या गावाला येतात, ते म्हणजे पाठीच्या वाटीतलं हे आतलं. कानी-मिसो म्हणतात. ती तेच खायला आली होती. मी ब्रशनं घासलं होतं ते.

मला एकाच वेळी किळस आली आणि लाजही वाटली. "मग आधी का नाही बोललीस?"

"तुमच्यासमोर?" ती हसली. "मी एकदा भातावर कच्चं अंडं फोडून घेतलं होतं. तुम्ही मला वीस मिनिटं जंतूंची नावं सांगितलीत."

सांगितली होती खरी.

"मला वाटलं, तुम्ही पाठ उघडून बाजूला ठेवाल, आणि तुमचं लक्ष नसताना मी चमचाभर खाईन. तुम्ही इतक्या मनापासून धुतलंत की मला बोलवेना."

मी लगेच छत्री घेऊन पॅमकडे गेले. शेड बंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले तर वारा उत्तरेचा सुटलेला. हा वारा असला की लाटा सरळ किनाऱ्यावर आदळतात आणि एकही होडी पाण्यात जात नाही. होड्या वाळूवर एका रांगेत, ट्रॅक्टरांवर ताडपत्री. पॅम शेडची फरशी धूत होती.

"कालच्यातला एकही नाही?"

"काल दुपारी पेन्शनरांची अख्खी बस आली, लव्ह. नांगीसुद्धा ठेवली नाही."

"उद्या?"

"ते मला काय विचारतेस?" तिनं झाडूनं समुद्राकडे दाखवलं. "त्याला विचार."

गावात एका दुकानात तयार खेकडा मिळाला. इथले लोकही आतलं खातात, हे मला तिथे कळलं. पांढरं मांस कडेला आणि मधोमध तपकिरी लगदा, व्हिनेगर, मिरपूड आणि पावाचा चुरा घालून कालवलेला, फ्रीजमधला गारेगार. चार पौंड. आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो. तोमोएनं लाकडी चमच्यानं तो तपकिरी भाग खाल्ला. डोळे मिटले. पुन्हा एक चमचा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि वाऱ्यानं माझी टोपी उडून गेली, तिकडेही मी लक्ष दिलं नाही.

तिनं चमचा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "बघितलंत ना. आता घरी जाऊ या. तुम्हाला उगाच त्रास."

"बस खाली," मी म्हणाले. जरा जोरात म्हणाले असेन, शेजारचा म्हातारा आपला कुत्रा घेऊन उठला. "एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाहीत. त्यातून हा नमुना व्हिनेगर घालून बिघडवलेला. ताजा नमुना मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"कॉटेज उद्या दहाला सोडायचं आहे."

"मग दहाच्या आत मिळवू."

दुपारी आम्ही कड्यावरून पूर्वेकडे चाललो. वाट सोपी आहे, पण कडेला जाऊ नका, माती ढासळते. डावीकडे खाली तो तपकिरी समुद्र नुसता घुसळत होता. उजवीकडे मोहरीच्या जातीच्या तेलबियांची पिवळीधमक शेतं, नजर पोचेल तिथपर्यंत. अशा ठिकाणी माणसं बोलतात. तोमोए बोलली. तिचे वडील खेकड्यांच्या बोटीवर होते. हिवाळ्यात ते घरी आले की शेगडीवर खेकड्याची पाठ उलटी ठेवायची, आतलं तिच्यातच, वर दोन थेंब साके, म्हणजे तांदळाची दारू. रटरटायला लागलं की वडील काडीच्या टोकावर घेऊन आधी सर्वांत धाकट्याला चाटवायचे. धाकटी ही. ती तोंड वाकडं करायची आणि सगळं घर हसायचं. मोठेपणी एका हिवाळ्यात तिनं तोंड वाकडं केलं नाही, उलट आणखी मागितलं, तेव्हा वडील म्हणाले होते, झाली मोठी.

"आता मला कुठल्याच गोष्टीनं तोंड वाकडं करता येत नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच मला जाग आली, कारण आवाज थांबला होता. वारा पडला होता. साडेसातला आम्ही वाळूवर होतो. समुद्र आदल्या दिवशीचा वाटेना, नुसती चकाकी. एकेक होडी येत होती आणि ट्रॅक्टर तिला घ्यायला पाण्यात उतरत होता. पॅमही तिथेच होती.

"आलात का पुन्हा, तुम्ही दोघी!"

"आज मला जिवंत हवेत," तोमोए म्हणाली. दोन दिवसांत तिनं पहिल्यांदाच माझ्या आधी तोंड उघडलं होतं.

डेरेकनं पेट्या उतरवल्या. आत नुसती खडखड. एक पट्टी लावून तो खेकडे मोजत होता, लहान असतील ते परत समुद्रात. तोमोए वाकली. एकेक खेकडा मागून पकडून हातात तोलला, पोटाचा पडदा अंगठ्यानं दाबला, कानाजवळ नेऊन हलवला. चार परत ठेवले. पाचवा ठेवून घेतला, मग आणखी एक. दोन्ही माद्या, रुंद पडद्याच्या, दगडासारख्या जड.

डेरेक पॅमकडे बघून म्हणाला, "हिला कळतं." नॉरफकच्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

पॅमला मी सगळं सांगितलं होतं, आजार, चव, नळ, सगळं. तिनं आम्हाला शेडमध्ये घेतलं आणि आपल्या मोठ्या भांड्याशेजारी एक लहान भांडं चढवलं. खेकडे आधी गोड्या पाण्यात ठेवले, ते शांत झाले. मग तोमोएनं त्यांचे पाय दोऱ्यानं बांधले आणि भांड्यात पाठ खाली, पोट वर असे ठेवले, वर एक जड बशी.

"उलटे का गं?" पॅमनं विचारलं.

"पाठ म्हणजे वाटी. वाटी पालथी ठेवली तर सगळं सांडेल."

पॅम कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तीस वर्षं मी हे उकळते आहे. तीस वर्षं माझ्या भांड्याच्या तळाशी काय साचतं ते आज कळलं."

वीस मिनिटांनी खेकडे बाहेर आले. मी पुढे झाले तशी तोमोए हसून म्हणाली, "शैला-सान, तुम्ही नळापासून लांब उभ्या राहा."

मी राहिले. हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

तिनं दोन अंगठे घालून पाठ उचलली, इतकी हळू की थेंब हलला नाही. करडी बोटं काढली, तोंडामागची वाळूची पिशवी काढली. उरलं ते वाटीत तसंच. मी बी.एस्सी.ला असताना खेकडा फाडला होता, आकृती काढून भागांना नावं दिली होती. या भागालाही रेघ ओढून नाव लिहिलं होतं, हेपॅटोपँक्रिया, यकृत आणि स्वादुपिंडाचं काम एकटाच करणारा अवयव. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. आणि तरी मी तो आज पहिल्यांदा पाहत होते. कडेला केशरी, मध्ये ओल्या शेवाळासारखा हिरवा, त्यातून साखरेच्या पाकासारखी तार सुटणारा. समुद्राच्या तळाशी काळोखात फिरणाऱ्या या जनावरानं जे जे खाल्लं, ते पचवून इथे ठेवलं होतं. मला किळस यायला हवी होती. मी तिची वाट बघितली. ती आली नाही. देवघरात गेल्यावर आपण आवाज खाली आणतो, तशी मी पॅमशी कुजबुजत बोलायला लागले होते.

पाठ गॅसच्या मंद आचेवर ठेवली. तोमोएनं पिशवीतून औषधाच्या बाटलीएवढी साकेची बाटली काढली आणि थोडी ओतली. कडेनं बुडबुडे धरले. ती काडीनं एकाच दिशेनं ढवळत होती. वास आधी समुद्राचा आला, मग भाजल्याचा, मग असा काही आला की डेरेक बूट न काढताच आत येऊन उभा राहिला.

तोमोएला वास येत होता का ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिनं काडीच्या टोकावर घेतलं. फुंकर घातली. तोंडात घातलं.

आम्ही तिघं बघत होतो. पाणी टपकत होतं ते कुणी बंद केलं नाही.

तिचं तोंड वाकडं झालं. आधी एका बाजूला, मग सगळंच, लहान मुलाचं होतं तसं.

"निगाई," ती म्हणाली. आणि मग माझा दंड पकडून, "शैला-सान, कडू! कडू आहे!"

"जळलं का?" पॅम घाबरून पुढे आली. "सॉरी, लव्ह, आच मोठी झाली असेल. दुसरा आहे की, तो लावते."

"नाही, नाही, जळलं नाही! कडू आहे!"

"अगं तेच म्हणते मी, दुसरा..."

मी पॅमला थांबवलं आणि समजावलं. तोमोएनं आणखी एकदा घेतलं, आणखी एकदा. गोड लागतं का? नाही. खारट? नाही. फक्त कडू, आणि तेही जिभेच्या अगदी मागे, पण आहे. प्रत्येक वेळी आहे. पॅमनं एप्रनला हात पुसले, मग त्याच एप्रननं डोळे पुसले आणि डेरेकला उगाच ओरडली की बूट काढ म्हणून.

मग तोमोएनं काडी माझ्यापुढे धरली. मला जंतूंची सगळी नावं आठवत होती. मी तोंड उघडलं.

कसं सांगू? पुण्यात आई लोणी कढवायची तेव्हा तुपाच्या तळाशी बेरी राहायची. तपकिरी, रवाळ, खरपूस, किंचित कडसर. मी आणि भाऊ ती खरवडून साखर घालून खायचो. त्या बेरीत साखरेऐवजी अख्खा समुद्र घातला तर हे होईल. आधी लोण्यासारखं पसरलं, मग खोल गोडवा, मग शेवटी तो कडूपणा, तोंड बंद केल्यावरही जात नव्हता. मी साठी ओलांडलेली बाई आहे आणि मला वाटत होतं की मी जे खायचं ते खाऊन झालं आहे. पाठीत उरलेलं सगळं मी पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्लं, हे मला पॅमनं नंतर सांगितलं.

कॉटेज पावणेदहाला सोडलं, झाडून-पुसून.

तुम्ही जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. खेकड्यांचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत, पण मे-जून उत्तम. आदल्या दिवशीचा वारा विचारा, उत्तरेचा असेल तर मुक्काम एक दिवस वाढवायची तयारी ठेवा. जिवंत हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि हे आतलं रोज खायचं नाही. खेकड्याच्या पोटात गेलेलं बरंवाईट सगळं या अवयवात साठतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी खाऊ नये, इतरांनी वर्षातून एकदोनदा. मेलेला खेकडा उकळून खाऊ नका, कुणी फुकट दिला तरी नाही. माझी मतं एका घासानं इतकीही बदललेली नाहीत.

घरी आल्यावर डॉक्टरांना सांगितलं तर ते पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "तू? आतलं? न धुता?" मग त्यांनी भारतात आपल्या बहिणीला फोन लावला आणि दार बंद करून बराच वेळ हसले.

त्या प्रवासातून काय राहिलं, असं मी स्वतःला विचारते. तो ट्रॅक्टर, मानेपर्यंत पाण्यात. मोहरीच्या रंगाची शेतं. दोऱ्यानं पाय बांधणारी ती बोटं. ही राहिलीच. पण मी इतके दिवस हे लिहायला घेतलं नव्हतं, कारण एक चव म्हणजे चव परत आली असं होत नाही. तोमोएला जूनभर फक्त कडू लागत होतं. तिनं कडू कॉफी प्यायली, माझ्याबरोबर ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांत जाऊन कारली आणली, मेथी नुसती चावून खाल्ली. मग एका सकाळी आंबट आलं. ती लिंबाची अर्धी फोड हातात घेऊन घरातल्या सपातांवरच आमच्या दारात उभी होती. बाकीच्यांचं काही सांगता येत नाही, हॉस्पिटल म्हणालं.

गेल्या रविवारी ती आणि तिचे यजमान आमच्याकडे जेवायला होते. भात, आमटी, बटाट्याची भाजी, साधंच. तोमोएनं आमटीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. तिचे यजमान तिच्याकडे बघायला लागले. तिनं पुन्हा एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"शैला-सान," ती म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालं आहे."

डॉक्टरांचा चमचा हवेत थांबला.

मी त्यांच्याकडे वळले. "झालंय?"

त्यांनी घसा साफ केला. "आजच असं नाही."

"म्हणजे? कधीपासून?"

"अगं, तसं म्हणजे... लग्नापासून. पण छान असते."

मी उठले. आमटीचं पातेलं परत गॅसवर ठेवलं, वाटीभर गरम पाणी घातलं, एक उकळी आणली, आणि पळीभर तोमोएच्या वाटीत ओतली. ती चाखेपर्यंत मी पातेलं हातात धरून तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिले.

तिनं डोळे मिटून चाखलं, वेळ घेऊन.

"अजून अर्धी वाटी पाणी," ती म्हणाली.